विमलच्या कादंबरीत मी नाही

विमलची कादंबरी हातात घेतली तेव्हा ती वाईट निघावी अशी माझी मनापासून इच्छा होती. देवाला हात जोडले नाहीत इतकंच. पहिलं पान वाचलं आणि बरं वाटलं, कारण पहिल्या पानभर एक बाई नुसतं अंगण झाडत होती. म्हटलं, चला, ही काही फार पुढं जात नाही. दुसऱ्या पानावर त्या घरातला थोरला मुलगा गेला, आणि मी खुर्चीवरून उठले ती गॅसवरचं दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हाच.

शेवगावच्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघी एकाच वर्षी लागलो आणि निवृत्तही बरोबरच झालो. ती गणित शिकवायची, मी मराठी. राहायलाही शेजारच्याच गल्लीत. आमच्यात लिहिणारी मी होते, आणि हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. माझे कथासंग्रह आहेत, एक कवितांचं पुस्तक आहे, तालुक्यातल्या साहित्यिक कार्यक्रमाची पत्रिका माझ्या नावाशिवाय छापली जात नसे. लिहिण्यासाठी गच्चीवर मी एक खोली बांधून घेतली आहे. तिच्यात टेबल आहे, पश्चिमेची खिडकी आहे, शाईचं पेन आहे. विमलकडे यातलं काहीच नव्हतं. तिनं कादंबरी भाकरी थापता थापता केली. तिची मुलगी वर्षा नाशिकला असते. तिनं एकदा येऊन मोबाईलवर दाखवून दिलं की, इथं दाबायचं आणि बोलायचं, तो आपोआप लिहून घेतो. तेव्हापासून ही बाई डब्यांच्या फळीवर मोबाईल टेकवून ठेवायची आणि परातीपुढं बसून त्याला सांगत राहायची. शेजारणींना वाटायचं, लेकीचा फोन आहे. मलाही तसंच वाटायचं. एकदा दारात चप्पल काढताना आतून हिचा आवाज आला, "तिला झोप लागली आन् सासूनं ते बघितलं." मी आत जात विचारलं, "कुणाला गं झोप लागली?" तर म्हणाली, "काई न्हाई, हाय एक बाई." मी समजले, वर्षाच्या सोसायटीतली कुणी असेल.

विमलच्या सवयी सांगायच्या तर चहापासून सुरुवात करायला हवी. तिनं कधी कपभर चहा पूर्ण प्यायलेला मी पाहिला नाही. तळाशी एक घोट राहायचाच. स्टाफरूममध्ये कपबश्या विसळणाऱ्या मावशी वैतागायच्या, "बाई, एवढ्यासाठी काय ठिवायचं, पिऊन टाका की." ही म्हणायची, "असू दे." असू दे हा तिचा सगळ्यावरचा उतारा होता. मुलीचं गणित चुकलं, असू दे. मुख्याध्यापिका तासावर येऊन बोलून गेल्या, असू दे. डब्यातली भाकरी आधी सगळीच्या सगळी कुस्करायची, वर कालवण ओतायचं, आणि एकदा जेवायला लागली की मान वर करायची नाही. दुसरी सवय म्हणजे मध्येच, "खरं सांगू का?" असं म्हणायचं. आपण कान टवकारून बसावं तर पुढं काही नाही. जरा वेळानं, "जाऊ दे, असू दे." नोकरीची सगळी वर्षं हिनं 'खरं सांगू का' म्हणत खरं पोटात ठेवलं. मला नुसता संशय जरी आला असता तरी मी तिला तिथल्या तिथं बोलतं केलं असतं, म्हणजे पुस्तकापुरतं काही शिल्लक राहिलं नसतं.

आमच्याकडे घरात कुणी गेलं की त्या दिवशी तिथली चूल पेटत नाही. शेजारचे, भावकीतले पिठलं-भाकरी करून नेतात. त्याला कडू घास म्हणतात. गावात कुणाची बातमी आली की विमलचा हात आधी बेसनाच्या डब्याकडे जायचा. शाळेत असली तर अर्धी रजा टाकायची. भावकी पोचायच्या आत ही पोचलेली असायची, एका हातात पिठल्याचं पातेलं, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. मी तिच्याबरोबर असायचेच. मी बाहेर रडणाऱ्या बायकांत बसायचे. ते मला चांगलं जमतं. गळ्यात पडून रडायला माझा कुणाला संकोच वाटत नाही, आणि समजुतीचे दोन शब्द बोलायची वेळ आली की मराठीच्या बाईकडंच सगळे बघतात. विमल सरळ स्वयंपाकघरात शिरायची. घरातली लहान पोरं हुडकून आधी त्यांना खायला घालायची. दूध उघडं पडलेलं असलं तर झाकायची. मग दाराच्या चौकटीला पाठ लावून बसायची. "अगं, बाहेर येऊन बस ना जरा," मी म्हणायचे. "रडायला लई जनी हायेत," ती म्हणायची, "चहाचं बघायला कुनी न्हाई."

परत येताना रस्ताभर मी बोलायचे. धाकट्या सुनेनं डोळ्याला पदरसुद्धा लावला नाही, बघितलंस का? नणंदेचं रडणं मोठं होतं पण डोळे कोरडे होते, बघितलंस का? घर येईपर्यंत माझं सगळं बोलून व्हायचं, छाती हलकी व्हायची, आणि मग मी गच्चीवरच्या खोलीत जाऊन प्रेमविवाहाची एखादी गोष्ट लिहायला घ्यायचे. विमल नुसती हूं हूं करायची. मी जे रस्त्यावर सांडत गेले ते तिनं घरी नेलं, हे मला पुस्तक छापून आल्यावर कळलं.

एकदा आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या साळवेबाईंचे वडील गेले म्हणून आम्ही कर्जतला गेलो होतो. ख्रिस्ती घर. ओसरीवर शवपेटी ठेवलेली, पाळकसाहेब आलेले, चर्चमधली मंडळी गायनं म्हणत होती, एक पोरगेला मुलगा पेटी वाजवत होता. साळवेबाईंचा थोरला भाऊ बापाच्या उशाशी उभा होता. गाण्याच्या मध्येच तो वाकला, त्या मुलाचं बोट एका पट्टीवरून उचलून शेजारच्या काळ्या पट्टीवर ठेवलं आणि पुन्हा सरळ उभा राहिला. चेहऱ्यावर काही नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परतीच्या एसटीत मी म्हटलं, "दगड आहे नुसता. बाप पुढ्यात निजलाय आणि याला सुराची पडलीय." विमलनं खिडकीबाहेर बघत हूं केलं.

तो माणूस कादंबरीत आहे. तिनं पेटीचा मृदंग केला आहे, उशाशी उभ्या मुलाचा बाप केला आहे. दहाव्याच्या आदल्या दिवशी भजन चालू असताना म्हातारा मृदंगवाल्याचा हात धरतो आणि म्हणतो, "इथं आमचा पोरगा थांबायचा." एवढंच. ते वाचलं आणि मी पुस्तक पालथं घातलं. तीच ओसरी मी बघितली होती, तोच चुकलेला सूर माझ्याही कानावर पडला होता. मी त्या माणसाला दगड म्हणून मोकळी झाले, आणि हिनं त्याला आपल्या पुस्तकात बापाची जागा दिली. मला हेवा वाटला. साधा नाही, पोटात दुखावं तसा.

पुस्तकाचं नाव 'दहाव्याच्या आत'. थोरला मुलगा काविळीनं जातो तिथपासून दहाव्यापर्यंतचं एका घरातलं सगळं, बस. त्या दिवसांत घरातला एकही माणूस शहाण्यासारखा वागत नाही. आई कोण आलं आणि कोण आलं नाही ते मनात धरून बसते, आणि बहीण उशिरा आली म्हणून तिच्याशी बोलत नाही. बाप कडू घास खाताना दुसरी भाकरी मागतो. सून कित्येक महिने नवऱ्याच्या उशाशी जागलेली असते, ती पहिल्याच रात्री गाढ झोपते, आणि सासू तिला ते कधी माफ करत नाही. धाकटा भाऊ दहाव्याचं सामान आणायला म्हणून थोरल्याची मोटारसायकल काढतो, तिच्यावर बसतो आणि आरसा आपल्या उंचीला वळवून घेतो.

मला काय आवडलं नाही ते आधी सांगते, कारण ते सांगायला सोपं आहे. त्या पुस्तकात कुणी कुणाची समजूत घालत नाही. वाचणाऱ्याला धरून बसावं असं एकही माणूस त्यात नाही. मी माझ्या प्रत्येक गोष्टीत निदान एक तरी चांगलं माणूस ठेवते, एखादी आत्या, एखादा डॉक्टर, जो शेवटी डोक्यावरून हात फिरवतो. विमलनं तेवढीसुद्धा दया केली नाही. सून आठव्या दिवसानंतर जवळजवळ नाहीशीच होते, तिचं काय झालं ते बाईंनी सांगायला नको का? मधला भाग रेंगाळतो. सामानाची जुळवाजुळव वाचून मला जांभया आल्या, अगदी खऱ्या. आणि आभाळाचं वर्णन म्हणून काही नाही, गणिताच्या बाईला आभाळ दिसतच नाही बहुतेक.

आणि आवडलं काय, तर तो आरसा. तो वाचल्यापासून मी कुणाच्या गाडीवर मागं बसले की आधी आरशाकडे बघते. धाकट्याचा मला राग येतो, आणि लगेच वाटतं, बिचाऱ्याला रस्ता दिसायला नको का? हे दोन्ही एकदम वाटणं मला सहन होत नाही. असं वाचकाचं करावं हे मला कधी सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी शेवटी त्याच्याकडून तो आरसा पुन्हा जागेवर आणवला असता.

पण खरा राग वेगळाच आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. विमलच्या स्वतःच्या घरातून अजून कुणी अवेळी गेलेलं नाही. सासूसासरे पिकून गेले, नवरा ठणठणीत आहे, सकाळी फिरायला जातो. माझं तसं नाही. आमचे हे साखर कारखान्यात शेतकी खात्यात होते. एक दिवस सकाळी टाकी भरायला मोटार लावून ओट्यावर पेपर वाचत बसले, ते बसल्या जागीच गेले. म्हणजे दुःख माझ्याकडं होतं आणि कादंबरी तिनं लिहिली.

त्या सकाळी मी डॉक्टरांच्याही आधी विमलला हाक मारली. ती गाऊनवर टॉवेल टाकून धावत आली. मग डॉक्टर आले, नाही म्हणाले, माणसं जमायला लागली. आणि मोटार चालूच होती. टाकी भरून वाहायला लागली, पाणी जिन्यावरून घळाघळा खाली आलं, ओट्यापर्यंत आलं, आणि मी ह्यांच्यावर ओरडले, "अहो, किती वेळ झाला, मोटार बंद करा ना! सगळं मलाच बघायला लागतं." भरल्या अंगणात. मला त्याची लाज वाटत नाही, तेव्हाही वाटली नाही. पण ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य आहे एवढं मला कळत होतं, आणि लिहिणारी असूनही मला ते लिहिता आलं नाही. बसले होते लिहायला. दर वेळी गोष्टीतल्या बाईच्या तोंडी काहीतरी शोभेलसं आलं, आणि मोटार आपोआप बंद झाली.

म्हणून विमलचं पुस्तक वाचताना मी आधी घाबरले होते. आता येईल, पुढच्या पानावर येईल, मोटार येईल, जिन्यावरचं पाणी येईल, आणि अख्खा तालुका वाचेल. मग अर्धं पुस्तक उलटलं आणि मी ते शोधायला लागले. शेवटच्या पानानंतर मी मागचं कोरं पानसुद्धा उलटून बघितलं. मी नव्हतेच. चौकटीला टेकून ज्या बाईनं सगळ्या गावाची दुःखं बघून ठेवली, तिला माझं दुःख काही ठेवण्यासारखं वाटलं नाही. या गोष्टीनं माझी झोप उडाली. मला त्या कादंबरीतल्या बापाचा हेवा वाटायला लागला, त्या झोपाळू सुनेचा वाटायला लागला. मग अख्ख्या गावाचा.

गावाला आपापली जागा बरोबर सापडली होती. पुस्तक वाचनालयात आलं आणि लोक विमलकडं यायला लागले. खालच्या आळीचे रावसाहेब आले तेव्हा मी तिथंच होते. गडी तावातावानं आला. चप्पलही न काढता दारातच म्हणाला, "बाई, आमच्या म्हातारीच्या टायमाचं तुमी लिव्हलं म्हनं."

विमल म्हणाली, "बसा. काय लिव्हलं?"

"ती दुसरी भाकर. चारचौघांत आमची अब्रू काढली तुमी."

"तुमच्याकडं कुनी मागितली हुती दुसरी भाकर?"

"मीच मागितली हुती की! दोन दिस दवाखान्यात पानी पिऊन काढलं हुतं. लागली भूक. आई गेली म्हनून काय पोट जातंय का?"

"मला न्हाई दिसलं ते," विमल म्हणाली. "मी पोरांना घास भरवत हुते. आता तुमी सांगितलं म्हनून कळलं."

रावसाहेबानं चप्पल काढली. मग हळूच बसला. विमलनं त्याला चहा दिला, स्वतःही घेतला, तळचा घोट ठेवला. जाताना तो म्हणाला, "बरुबर लिव्हलंय पन. त्यो म्हातारा काय वाईट न्हाई." शाळेतली एक जुनी विद्यार्थिनी आली, ती झोपलेली सून मीच, असं म्हणाली आणि विमलच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. एका आजीबाईंनी पुस्तक सुनेकडून वाचून घेतलं आणि बहिणीशी पुन्हा बोलायला लागल्या. विमल प्रत्येकाला हेच सांगायची की, तुमचं नाही ते, मी मनानं केलंय. एकानंही ते ऐकलं नाही. घराघरातनं माणसं येऊन मीच तो, मीच ती म्हणून कबूल होत होती. आरशाचं मात्र कुणी सांगायला आलं नाही.

पुढं पुण्याचा एक पुरस्कार मिळाला आणि शाळेनं तिचा सत्कार ठेवला. परिचय करून द्यायचं काम अर्थातच माझ्याकडं. मी बोलले, चांगलं बोलले. वास्तवाचं भान, अनुभवाची खोली, सगळं म्हटलं. मांजरपाटाच्या पडद्यापुढं विमल शाल सावरत बसली होती आणि ती शाल सारखी घसरत होती. एका मुलीनं उठून विचारलं, "बाई, यातलं खरं कोण आहे?" विमल माईकसमोर आली, म्हणाली, "खरं सांगू का?" आणि जाऊन बसली. सभागृह हसलं. तिला वाटलं आपलं उत्तर देऊन झालं. नंतर चहाच्या वेळी संस्थेचे एक पदाधिकारी माझ्याकडं वळून म्हणाले, "मंदाबाई, तुम्हीपण काहीतरी लिहिता ना? लिहा, लिहा. सोडू नका." मी हसले. हातातला बटाटेवडा बशीत परत ठेवला.

त्यानंतर विमलचे गुडघे गेले. शस्त्रक्रिया नाशिकला करायची, पुढं तिथंच राहायचं, असं वर्षानं ठरवलं. इथलं घर भाड्यानं द्यायचं. जायच्या आदल्या दुपारी मी तिच्याकडं गेले. मदतीला गेले असं म्हणता येईल, पण मी भांडायला गेले होते. ती स्टुलावर बसून पातेली एकात एक घालत होती.

"विमल, मी का नाही तुझ्या पुस्तकात?"

"कुठं?"

"तुझ्या पुस्तकात. सगळं शेवगाव आहे त्यात. साळवेबाईंचा भाऊ आहे. माझ्या घरी काही घडलंच नव्हतं का?"

तिनं पातेलं खाली ठेवलं. "तुला यायचं हुतं व्हय त्यात?"

"ते मी विचारत नाही. तू होतीस ना तिथं? सगळ्यांच्या आधी आली होतीस. मग तुला काहीच दिसलं नाही?"

ती माझ्याकडं बघत राहिली. आता ती 'खरं सांगू का' म्हणेल आणि तिथंच थांबेल, म्हणून मी आधीच म्हटलं, "आणि असू दे म्हणू नकोस."

"मला काई आठवत न्हाई, मंदे."

माझा आवाज चढला. "रावसाहेबाच्या ओसरीवरचं मांजरसुद्धा आहे तुझ्या पुस्तकात! त्याच्या कानाला पडलेली खोक आहे! आणि माझ्या घरातलं तुला आठवत नाही?"

"रावसाहेबाकडं मी बसले हुते," विमल म्हणाली. "पाठ टेकून निवांत बसले हुते. तुझ्याकडं मी बसले कुठं? तुझे हात गार पडले हुते. व्हट काळे झाले हुते. मला वाटलं, ही पन चालली. मी नुसतं तुझ्या तोंडाकडं बघत हुते. कोन आलं, कोन गेलं, भाकरी कुनी आनल्या, मला म्हाईत न्हाई. दुसरीकडं बघायला मला झालंच न्हाई."

मी म्हटलं, "मोटार चालू राहिली होती. जिन्यावरून पाणी आलं होतं. मी ह्यांना ओरडले होते. सगळ्यांनी ऐकलं ते."

"कवा?"

ती नाटक करत नव्हती. विमलला नाटक करता येत नाही, स्नेहसंमेलनात तिला नेहमी पडदा ओढायला ठेवायचे. मी तिला सांगितलं, काय ओरडले ते अगदी शब्दाशब्दानं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग एवढंच म्हणाली, "अगं बाई," आणि माझा दंड धरला.

भांडायची सगळी तयारी करून गेले होते, आणि हिनं भांडायला जागाच ठेवली नाही. मला रडू आलं. रडता रडता हेही वाटलं की, बघा, हे उत्तरसुद्धा हिलाच सुचलं. असलं काही कुणाला सांगता यावं म्हणून मी आयुष्यभर टेबलाशी बसले, आणि ही ते पातेली आवरता आवरता बोलून गेली. हेवा काही गेला नाही. तो आता कशाचा आहे ते मात्र मला नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षानं गाडी दाराशी आणली. विमलचे यजमान मागं बसले, विमलला पाय लांब करता यावेत म्हणून पुढं बसवलं. गल्लीतल्या सगळ्या जणी जमल्या होत्या. समोरच्या घरात नव्यानं राहायला आलेली एक बाई खिडकीशी वाकून तिला सुनेचं काहीतरी सांगत होती, आणि विमलनं तिचा हात हातात घेऊन ठेवला होता. ऐकत होती, मान हलवत होती, दुसरीकडं बघत नव्हती. त्या बाईशी तिची ओळख ती किती, जेमतेम एका पावसाळ्याची. मी मागं उभी होते. थोडा वेळ उभी राहिले. मग पुढं झाले, त्या बाईला खांद्यानं बाजूला सारलं आणि खिडकीत माझा हात घातला.

विमलनं तो धरला. वर्षानं गाडी सुरू केली, म्हणाली, "मावशी, हात काढा, निघतोय आम्ही."

मी लगेच काढला नाही.